विचारांच्या गर्दीत क्षणभर उसंत : आतली शांतता ओळखण्याची आणि तिच्यात थांबण्याची रीत

मन शांत करण्यासाठी बसणाऱ्या बहुतेकांचा पहिला अनुभव निराशेचा असतो. डोळे मिटले की एरवी मागे राहणारे विचार एकदम पुढे येतात, राहिलेली कामे आठवतात, कालचे कुणाचे तरी बोलणे पुन्हा ऐकू येते, आणि दहा मिनिटांनी उठताना माणूस ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे ठरवून टाकतो. मीही अनेक वेळा असेच ठरवले होते. माझ्या प्रयत्नांत कसूर नव्हती, पण माझी अपेक्षा चुकीची होती. मी अर्धा तास सलग टिकणारी शांतता शोधत होतो, आणि त्याच अर्ध्या तासात येऊन गेलेल्या दोन-तीन सेकंदांच्या शांत जागा माझ्या खिजगणतीतही नव्हत्या. त्या जागा कशा ओळखायच्या, त्या अधिक वेळा दिसाव्यात म्हणून दिवसभरात काय करायचे आणि दिसल्यावर काय करायचे नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे. यासाठी वेगळी खोली, आसन किंवा मोकळा तास लागत नाही.

आधी मनाचा स्वभाव समजून घ्यावा

विचार येणे हा मनाचा बिघाड नाही, हे मनापासून पटल्याशिवाय पुढच्या कोणत्याही पायरीचा उपयोग होत नाही. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो, आणि एखादे अवघड काम हाती घेतले तरी या खर्चात फारशी वाढ होत नाही. याचा अर्थ असा की, आपण ‘काहीच करत नाही’ असे म्हणतो तेव्हाही मेंदू कामातच असतो. मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मेंदूच्या या मूळ स्थितीविषयी मांडणी केली, आणि त्यानंतरच्या संशोधनातून असे दिसत गेले की बाहेरचे काम थांबले की मेंदूतील काही भागांचे एक जाळे अधिक क्रियाशील होते. आठवणी, भविष्याचे बेत आणि स्वतःविषयीचे विचार यांच्याशी या जाळ्याचा जवळचा संबंध आहे. डोळे मिटून बसताच विचार वाढल्यासारखे वाटतात, त्याचे एक कारण येथे सापडते.

मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे २,२५० प्रौढांना फोनवरून दिवसातल्या वेगवेगळ्या वेळी विचारण्यात आले की, तुम्ही काय करत आहात आणि तुमचे मन त्याच कामात आहे का. जवळपास ४७ टक्के वेळा मन दुसरीकडे होते. मन भरकटलेले असताना लोक कमी समाधानी होते, आणि मन सुखद गोष्टींकडे गेले असले तरी हातातल्या कामात असतानापेक्षा त्यांना अधिक बरे वाटत नव्हते. मला या निष्कर्षात दिलासा वाटतो, कारण मन थाऱ्यावर नसणे ही माझ्या एकट्याची उणीव नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. विचार जबरदस्तीने थांबवता येत नाहीत. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मधील प्रयोगात सहभागी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले. ते अस्वल लोकांच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि नंतर विचार करण्याची मोकळीक मिळाल्यावर तर, सुरुवातीपासून मुभा असलेल्या लोकांपेक्षाही अधिक वेळा आले. दडपलेला विचार दबा धरून बसतो. म्हणून पुढे दिलेल्या एकाही पायरीत विचार अडवण्याची सूचना नाही. दोन विचारांच्या मध्ये जी फट आपोआप पडते तिच्याकडे लक्ष वळवणे, एवढेच करायचे आहे.

पहिली पायरी : दोन दिवस फक्त पाहणे

पहिले दोन दिवस शांततेचा विषयच काढू नये. दिवसातून पाच-सहा वेळा, आठवेल तेव्हा, स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या क्षणी माझ्या मनात काय चालले आहे? उत्तर एका शब्दात द्यावे. माझ्या अनुभवात बहुतेक विचार तीन प्रकारांत मोडतात. पुढे काय करायचे याची आखणी, झालेल्या गोष्टीची उजळणी, आणि समोर नसलेल्या माणसाशी चाललेला वाद. हा तिसरा प्रकार सर्वांत जास्त शक्ती खातो, आणि तो चालू आहे हे सर्वांत उशिरा कळते. ‘आखणी’, ‘उजळणी’ किंवा ‘वाद’ असे नाव मनात उच्चारून पुन्हा कामाला लागावे. नाव देताना स्वतःला दोष देऊ नये, आणि हा विचार का आला याचे संशोधनही करू नये, कारण ते संशोधन म्हणजे विचारांची आणखी एक साखळी असते.

हे करताना एक बारीक गोष्ट ध्यानात येते. प्रश्न विचारल्यानंतर आणि उत्तर सापडण्याच्या आधी मन पळभर थबकते. तेवढ्या वेळात मनात शब्द नसतात, आणि तरीही आपण पूर्ण जागे असतो. पुढे आपल्याला जे ओळखायचे आहे, त्याची ही पहिली झलक आहे.

दुसरी पायरी : अर्धवट कामांचे ओझे कागदावर उतरवणे

काही विचारांना शांततेचा कोणताही उपाय लागू पडत नाही, कारण ते आपल्याला काहीतरी आठवण करून देण्यासाठी आलेले असतात. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मध्येच सोडलेली कामे अधिक स्मरणात राहतात, असे निरीक्षण ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडले होते. पुढे २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी असे दाखवले की, अपुऱ्या उद्दिष्टांचे विचार मध्ये मध्ये डोकावणे थांबण्यासाठी काम पूर्ण व्हावेच लागते असे नाही. ते केव्हा आणि कसे करायचे याची नेमकी योजना ठरली तरी मनाची पकड सैल होते.

त्यामुळे रोज ठरावीक वेळी पाच मिनिटे कागद घेऊन बसावे आणि डोक्यात घोळणारी कामे एकेका ओळीत लिहावीत. प्रत्येकासमोर पुढची लहानात लहान कृती आणि ती करण्याची वेळ लिहावी. ‘विम्याचे काम’ असे लिहिल्याने मन सुटत नाही, पण ‘उद्या अकरा वाजता विमा कार्यालयात फोन करणे’ असे लिहिले की सुटते. ज्या काळजीवर सध्या कोणतीही कृती शक्य नाही, तिच्यासमोर ‘आज करण्यासारखे काही नाही’ असे स्पष्ट लिहावे. हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहिण्यात बळ आहे. फोनवर टिपून ठेवण्याचा मोह टाळावा, कारण फोन हाती आला की त्यातले दुसरे काहीतरी लक्ष ओढून घेते.

तिसरी पायरी : उच्छ्वासाच्या शेवटी थांबणे

या लेखातील एकच पायरी करायची असे कुणी ठरवले तर त्याने ही निवडावी. प्रौढ माणूस विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. मिनिटाला १५ हा आकडा धरला तर दिवसाचे २१,६०० श्वास होतात, आणि हठयोगाच्या जुन्या परंपरेतही हीच संख्या सांगितली आहे. प्रत्येक उच्छ्वासानंतर, पुढचा श्वास सुरू होण्यापूर्वी, एक नैसर्गिक विराम असतो. म्हणजे दिवसभरात थांबण्याच्या हजारो जागा शरीराने आधीच करून ठेवल्या आहेत.

उच्छ्वासच का, यालाही कारण आहे. श्वास आत घेताना छाती आणि पोट यांच्यामधला पडदा आणि इतर स्नायू आकुंचन पावतात, म्हणजे ते काम असते. शांतपणे श्वास सोडताना मात्र हे स्नायू सैल पडतात आणि फुप्फुसे स्वतःच्या लवचीकपणाने मूळ आकाराला येतात, म्हणून ती क्रिया विनासायास होते. याशिवाय श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना किंचित मंदावतात. त्यामागे मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा मोठा वाटा असतो. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादातील ३४ व्या सूत्रातही चित्तप्रसादनासाठी, म्हणजे मन प्रसन्न होण्यासाठी, श्वास बाहेर सोडण्याचा आणि रोखण्याचा मार्ग सांगितला आहे. आपल्याला मात्र येथे काहीही रोखायचे नाही.

प्रत्यक्ष कृती अशी करावी. बसलेले असा वा उभे, खांदे सैल सोडावेत आणि तोंड मिटलेले ठेवावे. पहिले दोन श्वास जसे चालू आहेत तसे फक्त पाहावेत. तिसरा श्वास नेहमीसारखाच घ्यावा, पण तो सोडताना घाई करू नये. हवा नाकातून सावकाश जाऊ द्यावी, आणि शेवटी शेवटी ती इतकी बारीक होते की ती संपली नेमकी केव्हा हे सांगता येत नाही, त्या टोकापर्यंत लक्ष तिच्याबरोबर न्यावे. तेथे पोचल्यावर श्वास ओढून घेऊ नये आणि अडवूनही धरू नये. तो आपणहून येईल. तो येईपर्यंतचा एक-दोन सेकंदांचा जो काळ आहे, त्यात काही करायचे नसते, त्यामुळे मनालाही तेवढ्यापुरते काम उरत नाही. असे तीन उच्छ्वास झाले की उठून कामाला लागावे.

येथे हमखास होणारी चूक म्हणजे विराम लांबवण्याचा प्रयत्न. दोन सेकंद बरे वाटले म्हणून पाच सेकंद थांबण्याची ईर्षा लागते आणि मग छातीत ताण येतो, पुढचा श्वास धापेसारखा येतो आणि सारी शांतता मोडते. विराम जेवढा आपोआप पडेल तेवढाच घ्यावा. मोठमोठे श्वासही घेऊ नयेत, कारण भराभर आणि खोल श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन डोके हलके पडते, आणि तो हलकेपणा म्हणजे शांतता नव्हे.

चौथी पायरी : आवाज विरेपर्यंत ऐकणे

काहींना श्वासाकडे लक्ष दिले की उलट अस्वस्थ वाटते, श्वास पुरेसा येत नाही असे भासू लागते. हा दुबळेपणा नाही. त्यांनी तिसरी पायरी सोडून येथून सुरुवात करावी.

घंटेचा टोल, धातूच्या भांड्याला झालेला स्पर्श, दूर जाणाऱ्या गाडीचा आवाज, असा विरत जाणारा कोणताही ध्वनी चालतो. तो सुरू झाल्यापासून ऐकत राहावे आणि तो बारीक होत जाईल तसे कान अधिक जवळ न्यावेत. विरणारा ध्वनी ऐकण्यासाठी मनाला बोलणे थांबवावेच लागते. आपण कुणाचे हलक्या आवाजातले बोलणे ऐकताना स्वतः गप्प होतो, तसेच हे आहे. आवाज ऐकू येत नाही आणि आपण मात्र ऐकतच आहोत, असा एक क्षण येतो. त्या क्षणी आपले लक्ष पूर्ण उघडे असते आणि त्याच्यासमोर कोणतीही वस्तू नसते. मला आतल्या शांततेची ओळख प्रथम येथेच पटली, आणि म्हणून या पायरीविषयी मला विशेष ओढ आहे.

सतत चालणाऱ्या यंत्राची घरघर अचानक बंद झाली की अशीच संधी मिळते. ती चालू असताना तिच्याकडे लक्षही नसते, पण थांबताच खांदे आपोआप खाली येतात. असे झाले की लगेच दुसऱ्या कामाकडे न वळता दोन श्वास तेथेच थांबावे.

पाचवी पायरी : जीभ, जबडा आणि नजर

मनातल्या मनात बोलत असताना जीभ, ओठ आणि कंठ यांच्या स्नायूंमध्ये अतिसूक्ष्म हालचाल होऊ शकते, आणि उपकरणांनी ती नोंदवता येते. याचा उपयोग उलट दिशेने करून पाहावा. दात एकमेकांपासून किंचित दूर ठेवावेत, जबडा खाली सैल पडू द्यावा आणि जीभ तोंडात कोणत्याही आधाराशिवाय पडून असल्यासारखी सोडून द्यावी. विचार लगेच थांबत नाहीत, पण त्यांचे शब्द पुसट होतात आणि त्यांची घाई कमी होते.

नजरेचेही असेच आहे. एखादे दृश्य पाहताना आपले डोळे सेकंदाला साधारण तीन वेळा एका बिंदूवरून दुसऱ्यावर उडी घेतात, आणि पडद्यावर वाचताना तर ही धावपळ तासन्‌तास चालते. मान स्थिर ठेवून समोर पाहावे आणि डोळे न हलवता डाव्या-उजव्या कडेला काय दिसते याची जाणीव घ्यावी. कोणत्याही वस्तूला नाव देऊ नये. पंधरा-वीस सेकंद पुरे होतात.

सहावी पायरी : दिवसाचे सांधे पकडणे

वरील कृती माहीत असणे आणि ऐन वेळी आठवणे यांत मोठे अंतर असते. बहुतेकांचा अभ्यास विस्मरणानेच सुटतो. ‘दिवसातून दहा वेळा करीन’ असा संकल्प टिकत नाही. त्याऐवजी कृती एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला बांधावी. एक काम संपून दुसरे सुरू होते तो सांधा यासाठी उत्तम, कारण तेथे मन आधीच एका विषयातून मोकळे होत असते. फोन उचलण्यापूर्वीची एक घंटी, दाराच्या कडीला हात लागणे, संगणक सुरू होईपर्यंतचा वेळ, हात धुताना पाण्याचा पहिला स्पर्श, रांगेत उभे राहणे, गाडी बंद केल्यानंतर आणि दार उघडण्याच्या आधी. यांतले दोनच निवडावेत. तिसरा जोडण्याची घाई करू नये.

या सगळ्या सांध्यांत सकाळी जाग येण्याचा क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो. झोप संपलेली असते, पण ‘आज कोणता वार, काय काय करायचे आहे’ हे अजून सुरू झालेले नसते. तो काळ काही सेकंदांचाच असतो, आणि जागे होताच फोन हाती घेणाऱ्याला तो कधीच भेटत नाही. फोन हात पोचणार नाही इतक्या अंतरावर ठेवून झोपावे आणि जाग आल्यावर अंग न हलवता तीन श्वास पडून राहावे.

शांत क्षण आल्यावर काय करावे

काहीही करू नये, हे उत्तर सोपे आहे आणि पाळायला सर्वांत अवघड आहे. ‘हीच ती शांतता’ असे मनात उमटले की ती संपलेली असते, कारण ते वाक्य हाच नवा विचार असतो. हे प्रत्येकाचे होते, त्यामुळे हळहळू नये. वाक्य उमटले तर उमटू द्यावे आणि लक्ष पुन्हा श्वासाकडे किंवा आवाजाकडे न्यावे. कालचा अनुभव पुन्हा मिळवण्याचा प्रयत्न मात्र कटाक्षाने टाळावा. तसे करताना आपण आठवणीचा पाठलाग करत असतो, आणि समोरून जाणारा आजचा क्षण निसटतो.

हा क्षण फार साधा असतो, हेही सांगितले पाहिजे. प्रकाश, रोमांच, अश्रू यांची वाट पाहणाऱ्याला तो ओळखूच येत नाही. आवाज येत असतात, पाठ दुखत असेल तर दुखत असते. फक्त त्यावर आतून चाललेली टीका थांबलेली असते.

अडचणी आणि मर्यादा

विचार इतके वेगाने येत असतील की एकही फट दिसत नाही, तर बसून राहू नये. उठून चालावे आणि प्रत्येक पावलाला तळवा जमिनीला टेकल्याची जाणीव घ्यावी. शरीर हालत असताना अशांत मनाला आधार मिळतो. झोप येत असेल तर ती झोपेची गरज आहे असे समजावे आणि शक्य असल्यास झोपावे. दुःखाच्या किंवा संतापाच्या दिवसांत शांततेचा आग्रह धरू नये. त्या वेळी ‘आत दुःख आहे’ एवढे स्वच्छ ओळखले तरी पुरेसे आहे.

वाहन किंवा यंत्र चालवताना यांतील कोणतीही कृती करू नये. श्वसनाचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी श्वासाचा वेग मुद्दाम बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. शांत बसले की जुन्या आघाताच्या आठवणी उसळून येत असतील, किंवा उदासी, निद्रानाश आणि जगण्याचा वीट दोन आठवड्यांहून अधिक टिकून असेल, तर हा लेख बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. जीव नकोसा होत असेल तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे आणि मदत घ्यावी. अशा वेळी एकट्याने मन आवरत बसण्यात धोका असतो.

पहिले तीन आठवडे

पहिल्या आठवड्यात दोन दिवस फक्त निरीक्षण करावे, आणि तिसऱ्या दिवसापासून संध्याकाळचे पाच मिनिटांचे लेखन जोडावे. दुसऱ्या आठवड्यात एक सांधा निवडून तेथे तीन उच्छ्वासांची कृती करावी, किंवा श्वास मानवत नसेल तर आवाजाची. तिसऱ्या आठवड्यात दुसरा सांधा आणि सकाळी जाग आल्यावरचे तीन श्वास घ्यावेत. जबडा आणि नजर यांना वेगळी वेळ देऊ नये, आठवेल तेव्हा करावे. एखादा दिवस पूर्ण सुटला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून तो भरून काढायचा नसतो.

रात्री दिनदर्शिकेवर त्या तारखेला, शांत क्षण एकदा तरी लक्षात आला असेल तर एक ठिपका द्यावा. किती वेळ टिकला, किती गाढ होता, हे लिहू नये, कारण मोजमाप सुरू झाले की दुसऱ्या दिवशी मन त्या आकड्याच्या मागे लागते. पहिल्या आठवड्यात एखादाच ठिपका पडला तरी ते नेहमीचेच आहे. अधिक वेळ बसण्याची इच्छा काही जणांना यानंतर आपोआप होते, आणि तेव्हा रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करता येते. ज्यांना ती होत नाही त्यांनी सांध्यांवरच राहावे. फोनची घंटी, कडी, पाण्याचा स्पर्श यांचा परिचय जुना झाला की कधी कधी आपण काही ठरवण्याआधीच श्वास सावकाश सुटू लागतो, आणि हात कडीवर असतानाच ते आपल्या लक्षात येते.